इस्तंबूलमध्ये पाच दिवस, अजानच्या घड्याळावर

इस्तंबूलला जाणाऱ्यांची यादी ठरलेली असते: आयासोफ्या, निळी मशीद, बाजार, बॉस्फरसची फेरी. यादी चांगलीच आहे. गडबड होते ती वेळेची. बहुतेक जण या जागा अशा तासाला गाठतात, जेव्हा तिथे पर्यटकांशिवाय कुणीच नसतं. मग घुमट दिसतो, फरशा दिसतात, आणि त्या घुमटाखाली रोज येणारी माणसं राहून जातात. या शहरात कुठल्या दारी कोण, कोणत्या वारी, कशासाठी येतं हे बघायला मिळालं तर तोच खरा प्रवास. म्हणून खालचे पाच दिवस वारानुसार बांधले आहेत, गुरुवार ते सोमवार. वार बदलले तर क्रमही बदलावा लागेल.

आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा किंवा रहिवास परवाना असेल तरच मिळतो. नसेल तर अर्ज केंद्रातून स्टिकर व्हिसा घ्यावा लागतो. ‘तिथे उतरून बघू’ हा बेत इथे चालत नाही.

दुसरी तयारी नमाजाच्या वेळापत्रकाची. दियानेत हे तुर्कस्तानचं सरकारी धर्मखातं, १९२४ साली सुरू झालेलं. मशिदींचे इमाम त्याचे पगारी नोकर. त्याच्या संकेतस्थळावर इस्तंबूलच्या रोजच्या वेळा असतात. रकाने सहा दिसतात, नमाज मात्र पाच. दुसरा रकाना ‘गुनेश’, म्हणजे नुसता सूर्योदय. तो नमाज समजून लोक सकाळी मशिदीबाहेर उगाच ताटकळतात. दुपारचा ‘ओय्ले’, तिसऱ्या प्रहरचा ‘इकिंदी’ आणि सूर्यास्ताचा ‘आक्शाम’ हे तीन लक्षात ठेवले की दिवस आखता येतो. वेळा सूर्याप्रमाणे सरकतात. जूनमध्ये सूर्यास्त साडेआठनंतर होतो, डिसेंबरात साडेपाचच्या आसपास. त्यामुळे मित्राचं उन्हाळ्यातलं वेळापत्रक हिवाळ्यात कामाचं नाही.

गुरुवार

तिकीट काढताना विमानतळ कोणता ते बघा. शहराला दोन आहेत. सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला, तर २०१९ पासून पूर्ण चालू झालेला मोठा विमानतळ युरोपच्या बाजूला, उत्तरेला. मोठ्या विमानतळावरून एम ११ मेट्रोने गायरेत्तेपे, तिथे बदलून एम २ ने तकसीम. बदलीचा भुयारी रस्ता बराच लांब आहे, जड बॅग असेल तर जीव मेटाकुटीला येतो. मेट्रोच्या दाराशीच यंत्रावर इस्तंबूलकार्ट घ्या. हेच कार्ड मेट्रो, ट्राम, बस, बोट सगळीकडे चालतं. प्रत्येकाने आपलं वेगळं घ्यावं. का, ते सोमवारी कळेल.

संध्याकाळ तकसीम चौकात घालवावी. एका बाजूला २०२१ मध्ये उघडलेली नवी मशीद, पलीकडे १८८० चं आया त्रियादा हे ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च, आणि मधून वाहणारी गर्दी. डोक्यावर रुमाल घट्ट बांधलेली मुलगी आणि केस मोकळे सोडलेली तिची मैत्रीण एकाच कागदाच्या पुड्यातले भाजलेले चेस्टनट खात जाताना दिसतात. कुणीच वळून बघत नाही. ‘तुर्कस्तान धार्मिक आहे की आधुनिक’ हा प्रश्न घेऊन येणाऱ्याने या चौकात अर्धा तास उभं राहावं. प्रश्नच चुकीचा मांडला होता हे लक्षात येतं.

चौकातून निघणाऱ्या इस्तिकलाल रस्त्यावर १९१२ मध्ये पूर्ण झालेलं संत अँथनीचं कॅथलिक चर्च आहे. आत मेणबत्त्या लावणाऱ्यांत मुसलमान बायका बऱ्याच असतात. मुंबईकरांना यात नवल नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीला नवस फेडायला हिंदू घरं जातात, तसंच हे.

शुक्रवार

सकाळी लवकर सुलेमानिये मशीद. निळ्या मशिदीआधी ही बघावी असं माझं ठाम मत आहे. मिमार सिनान या वास्तुकाराने १५५७ मध्ये ती पूर्ण केली. घुमट जमिनीपासून ५३ मीटर उंच. नऊच्या सुमारास आत चार-पाच माणसं असतात.

आत जाण्याची रीत नीट समजून घ्या, कारण चुका इथेच होतात. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा. बायकांनी स्वतःची सुती ओढणी ठेवावी. दाराशी मिळते, पण ती शंभर डोक्यांवरून आलेली असते. चपला-बूट गालिच्याच्या कडेला काढायचे. एक बूट काढला की तो पाय थेट गालिच्यावर, मग दुसरा. मोजे घालून बाहेरच्या फरशीवर चालून मग आत शिरलात तर बूट काढल्याचा उपयोगच राहिला नाही, आणि बुटाचा तळवा गालिच्याला लागला तर रखवालदार लगेच टोकतो. कापडी पिशवी जवळ ठेवा, बूट तळव्याला तळवा लावून त्यात. पावसाळी दिवसांत मोज्यांचा जास्तीचा जोड हवाच.

आत लाकडी कठडा असतो. त्याच्या पुढची जागा नमाज पढणाऱ्यांची. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नये, मागून वळसा घालावा. मग एखाद्या खांबाला टेकून वीस मिनिटं नुसतं बसावं. तसं बसायला कुणी हरकत घेत नाही. दिव्यांची मोठी कडी माणसाच्या डोक्याच्या थोडी वर टांगलेली असतात, कारण मूळचे तेलाचे दिवे रोज हाताने लावावे लागत. कड्यांमध्ये शहामृगाची अंडी लटकवायची पद्धत होती, त्याने कोळी जाळी करत नाहीत अशी समजूत. दिव्यांची काजळी हवेच्या झोताने मुख्य दारावरच्या खोलीत जमा व्हावी अशी रचना सिनानने केली, आणि त्या काजळीची शाई होत असे असं सांगतात.

मशिदीला लागून मदरसे, रुग्णालय, हमाम आणि ‘इमारेत’ होतं. आपला ‘इमारत’ हाच शब्द. मराठीत त्याची नुसती वास्तू झाली, तुर्कीत तो मशिदीचं अन्नछत्र होऊन बसला. असे शब्द पावलोपावली भेटतात. ‘दुक्कान’, ‘साबुन’, ‘मेयदान’ ऐकताच कळतात. ‘फकात’ मात्र फसवतो. तो आपलाच ‘फक्त’, पण तिथे अर्थ ‘पण’. आणि ‘मिसाफिर’ म्हणजे मुसाफर नाही, पाहुणा.

समोरच्या ओळीत पांढऱ्या राजम्याची, म्हणजे ‘कुरू फासुल्ये’ची जुनी दुकानं आहेत. शाकाहारी माणसाने इथे विचारल्याशिवाय हात घालू नये. त्यात बऱ्याचदा मांसाचे तुकडे असतात, आणि सोबतचा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. मसूर सुपाचंही तेच. ‘एत सुयू वार मं?’, म्हणजे मांसाचं पाणी आहे का, एवढं पाठ करा. नुसतं ‘एतसिझ’ म्हणजे बिनमांसाचं म्हटलं की ते तुकडे काढून देतात, रस्सा तोच. भरवशाचे पदार्थ: सिमित (तीळ लावलेलं पावाचं कडं), चीजचं गोझलेमे (भरलेली पातळ पोळी), मेनेमेन (टोमॅटो-मिरचीचं कालवण) आणि ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढतात त्या ‘झेयतिनयाल’ भाज्या. मेनेमेनमध्ये अंडं असतं.

बाराच्या सुमारास उतार उतरून एमिनोन्यूला या. शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी मशिदी पाहुण्यांना बंद होतात आणि अडीचच्या आसपास उघडतात. पर्यटकांची चिडचिड याच वेळी होते, आणि बघण्यासारखंही याच वेळी घडतं. तिथल्या येनी जामी मशिदीच्या पायऱ्यांपासून लांब, रस्त्यापलीकडे उभे राहा. आतली जागा भरली की चटया अंगणात येतात, मग फरसबंदीवर. मसाल्याच्या गल्लीत दुकानदार शटर ओढत नाहीत, दारात खुर्ची आडवी टाकतात की झालं. मालक परत येईपर्यंत त्या खुर्चीपलीकडे कुणी हात घालत नाही. खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, दियानेतने काढलेला, देशभर एकच. अर्ध्या-पाऊण तासात चटया गुंडाळल्या जातात, खुर्च्या आत जातात आणि भाव करणं पुन्हा सुरू होतं. शुक्रवार इथे सुट्टीचा दिवस नाही. १९३५ मध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारहून रविवारी नेली, तेव्हापासून जुम्मा कामाच्या दिवसातच बसवलेला आहे.

तीनला रुस्तेम पाशा मशीद. ती शोधावी लागते, कारण ती दुकानांच्या माथ्यावर बांधलेली आहे. हासिर्जिलार गल्लीत भांड्यांच्या आणि टोपल्यांच्या दुकानांमध्ये एक अरुंद जिना आहे, त्याने वर चढायचं. खालच्या गाळ्यांच्या भाड्यावर वरच्या मशिदीचा खर्च चालावा अशी ही जुनी वक्फची सोय. आत भिंतींवर इझनिक गावच्या रंगीत फरशा. जवळ जाऊन एकाच ट्युलिपकडे बघा. त्यातला तांबडा रंग निळ्यासारखा सपाट नाही, किंचित फुगीर आहे, तिरक्या उजेडात त्याची कड उठून दिसते. हा तांबडा १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात काही दशकंच नीट साधला. पुढच्या शतकात तो तपकिरी होत गेला. उद्या निळ्या मशिदीत फरशा वीस हजारांवर आहेत, पण एवढ्या जवळून एकही दिसत नाही.

शनिवार

आयासोफ्या आणि निळी मशीद एकाच सकाळी होतात. आयासोफ्या ५३७ मध्ये चर्च म्हणून पूर्ण झालं, १४५३ मध्ये मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं आणि जुलै २०२० पासून पुन्हा मशीद आहे. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वेगळं दार आणि २५ युरोचं तिकीट, त्यात वरचा सज्जा बघता येतो. खालच्या गालिच्यावर फक्त नमाजासाठी येणारे. ‘खाली उभं राहता आलंच नाही’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. हे आधीच माहीत असेल तर विरस होत नाही. दक्षिण सज्जातलं येशूचं मोझेक खिडकीच्या उजेडात आहे. अर्धं झडलंय, तरी चेहरा शाबूत आहे. त्याच्यासाठी मी ते २५ युरो आनंदाने द्या म्हणेन.

निळ्या मशिदीला पैसे नाहीत. नमाजाच्या आगेमागे पाहुण्यांना बंद असते, म्हणून सकाळी उघडताच जावं. दोन्ही ठिकाणी रांगेत ‘मी गाईड, रांग टाळून नेतो’ म्हणणारे भेटतात. निळ्या मशिदीला तिकीटच नाही, मग ते पैसे कशाचे?

सूर्यास्ताला दोन्हींच्या मधल्या बागेत बाकावर बसा. दोन बाजूंचे मुअज्जिन आळीपाळीने अजान देतात. एक ओळ इकडून, ती विरेपर्यंत थांबून पुढची तिकडून. १९३२ ते १९५० या काळात अजान तुर्की भाषेत द्यावी लागे. अरबी अजान परत आली ती १९५० मध्ये सरकार बदलल्यावर.

रविवार

हा या पाच दिवसांतला सगळ्यात भरगच्च दिवस. एमिनोन्यूहून टी ५ ट्राम खाडीच्या काठाने जाते, फेनेरला उतरा. तिथे संत जॉर्जच्या चर्चमध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांच्या कुलगुरूंची, म्हणजे पेट्रिआर्क या मुख्य धर्मगुरूंची गादी आहे. १९९१ पासून बार्थोलोम्यू त्या गादीवर आहेत. आवाराचं मधलं दार कायमचं बंद आहे. १८२१ मध्ये ग्रीक उठावाच्या वेळी कुलगुरू पाचवे ग्रेगरी यांना त्याच दारात फाशी दिलं, तेव्हापासून ते उघडलेलं नाही. बाजूच्या दाराने आत जायचं.

रविवारच्या सकाळी उपासना ग्रीकमध्ये चालते. मेणबत्ती घ्या, दानपेटीत पैसे टाका, वाळूत ती खोचा आणि मागे उभे राहा. माणसं थोडी असतात, त्यातही ग्रीसहून आलेले बरेच. कारण समजून घ्यायला हवं. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत इस्तंबूलच्या ग्रीकांना वगळलं होतं, ते इथेच राहिले. पण सप्टेंबर १९५५ च्या दंगलीत त्यांची घरं, दुकानं, चर्च फुटली आणि १९६४ मध्ये ग्रीक पासपोर्ट असलेल्यांना देशाबाहेर काढलं. त्यांच्यामागे त्यांची कुटुंबं गेली. आता शहरात काही हजार उरलेत. वेदीपुढची सोन्याच्या मुलाम्याची लाकडी भिंत बघताना रिकाम्या खुर्च्याही बघाव्यात.

पाच-सात मिनिटांवर काठाशी बल्गेरियन चर्च आहे, १८९८ चं, लोखंडाचं. व्हिएन्नात भाग ओतले, डॅन्यूब नदी आणि काळ्या समुद्रातून बोटीने आणले आणि इथे बोल्टांनी जोडले. दगडी कोरीव काम वाटतं त्या खांबावर बोटाने टकटक करा, डब्यासारखा आवाज येतो. खाऱ्या हवेने गंज धरला होता. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये ते पुन्हा उघडलं.

बालातच्या रंगीत घरांच्या गल्ल्या लवकर आटपा. ती लोकांची राहती घरं आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांचे आणि दारातल्या म्हाताऱ्यांचे फोटो न विचारता काढू नयेत.

पुन्हा टी ५ ने एयुप. पैगंबरांचे सोबती अबू अय्यूब अन्सारी यांची कबर इथे आहे, आणि शहरातली माणसं नेमाने येतात ती इथेच. पांढरे रेशमी कपडे, खांद्यावर झूल, हातात राजदंड घेतलेली सहा-सात वर्षांची मुलं दिसतील. सुंता व्हायच्या आधी त्यांना आशीर्वादाला आणतात. नवी जोडपी येतात, परीक्षेला बसणारी पोरं येतात. कबरीच्या खोलीत रांग हळू सरकते. जाळीपाशी लोक तळवे उघडे धरून पुटपुटतात, मग हात चेहऱ्यावरून फिरवतात. इथे थांबून रांग अडवू नये, आणि फोन खिशात ठेवावा.

तुर्कस्तानातल्या कित्येक कबरींवर सरकारी फलक असतो: मेणबत्ती लावू नका, चिंधी बांधू नका, कबरीकडे काही मागू नका, मागणं फक्त अल्लाकडे. फलक आहे म्हणजे लोक करतात. आणि जे इथे करू देत नाहीत त्यासाठी ते दुसरं दार शोधतात. वेफा भागात एक छोटं ग्रीक चर्च आहे, लोक त्याला ‘महिन्याच्या पहिल्या तारखेचं चर्च’ म्हणतात. दर एक तारखेला रांग लागते, रांगेत बहुतेक मुसलमान बायका. इच्छेची एक लहान धातूची किल्ली घ्यायची आणि इच्छा पुरी झाली की परत आणून द्यायची. ब्यूयुकआदा बेटावर संत जॉर्जच्या टेकडीला २३ एप्रिल आणि २४ सप्टेंबरला हजारो माणसं चढतात, वाटेवरच्या झुडपांना दोरा गुंडाळत. दोरा न तुटता वरपर्यंत पोचला तर नवस पावला. वडाला सूत गुंडाळणाऱ्या घरातून आलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रवास यांपैकी एखाद्या तारखेला जुळत असेल तर बाकीचं बाजूला ठेवून तिकडे जा.

चारला परत एमिनोन्यू, पुलावरून चालत काराकोय, तिथून १८७५ ची तूनेल ही जमिनीखालची छोटी गाडी वर नेते. वरच्या टोकाशी १४९१ चा गलाता मेवलेवी मठ. १९२५ मध्ये कायद्याने सगळे सुफी मठ बंद झाले. हा आता संग्रहालय आहे, आणि रविवारी संध्याकाळी इथे समा, म्हणजे सुफींची गिरक्या घेत केलेली उपासना, होतो. तिकीट आधी काढा. जेवणासोबत गिरक्या दाखवणाऱ्या हॉटेलांत तो बघू नये. समात गिरकीआधी बासरी आहे, एकमेकांना केलेला नमस्कार आहे, काळा झगा उतरवणं आहे. उजवा तळवा वर, डावा खाली. संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत.

सोमवार

सकाळी गलात्यात तुर्की ज्यूंचं संग्रहालय, नेवे शालोम सिनेगॉगला लागून. मूळ पासपोर्ट जवळ हवा, फोनमधला फोटो चालत नाही. शनिवारी बंद. तपासणी कडक आहे, कारण या सिनेगॉगवर १९८६ आणि २००३ मध्ये जीवघेणे हल्ले झाले. १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंना सुलतान दुसरा बायझीद याने आसरा दिला. त्यांची स्पॅनिश वळणाची लादिनो भाषा काही म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे.

तिथून बोटीने उस्कुदार. डेकवर चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटं लागतात. दुपारच्या नमाजाला येनी वालिदे मशिदीच्या आवारात पोचा. आवारात दगडी ओटा असतो, त्यावर कधी हिरव्या कापडाने झाकलेली शवपेटी ठेवलेली दिसते. बाईची असेल तर डोक्याच्या बाजूला रुमाल. नमाज संपला की लोक ओट्यासमोर रांगा धरतात. इमाम विचारतात, ही व्यक्ती कशी होती? सगळे म्हणतात, चांगली होती. मग विचारतात, तुमचं काही देणं-घेणं राहिलं असेल तर माफ करता? ‘हेलाल ओल्सून’, असं तीनदा एका सुरात. ओळख असो-नसो, वाटेने जाणारेही थांबून रांगेत उभे राहतात. पाहुण्याने मागच्या भिंतीपाशी हात बांधून उभं राहावं. इथे फोटो नाही.

किनाऱ्याने वीस-पंचवीस मिनिटं चालत कुझगुनजुक. १९५२ ची मशीद आणि आर्मेनियन चर्च भिंतीला भिंत लावून आहेत, आणि इजादिये रस्त्यावर सिनेगॉग आणि ग्रीक चर्च. दारं बहुतेक वेळा बंद असतात. बेल वाजवून विचारावं, नाही म्हटलं तर निमूट निघावं. आज गल्लीत ग्रीक, आर्मेनियन, ज्यू घरं अगदी मोजकी उरलीत. म्हणून ‘बघा, किती सलोखा’ असं लिहून फोटो टाकण्याआधी थोडं थांबा.

परत येताना उस्कुदारहून मार्मारायने सिर्केजी, समुद्राखालून एकच स्टेशन, चारेक मिनिटं. ही गाडी आत शिरतानाच पूर्ण मार्गाचं भाडं कापते. बाहेर पडलात की ‘इआदे’ लिहिलेल्या यंत्राला तेच कार्ड लावायचं, उरलेले पैसे परत जमा होतात. एका कार्डावर तिघं शिरलात तर इथे हिशेबाचा घोळ होतो. गर्दीच्या लोंढ्यात हे यंत्र हमखास मागे राहतं. ते दारापाशी भिंतीवर असतं, सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी वळून बघा.